अदमासरावांना अदमास लागेना

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथून ते सहसा बाहेर पडत नसे. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना अदमासराव म्हणत. बायकोसुद्धा चारचौघांत तेच म्हणायची, फक्त तिच्या तोंडी त्यात थोडी चेष्टा मिसळलेली असायची. "मी लग्नाला हो म्हणेन, असं ह्यांनी साठ टक्के धरलं होतं," हे ती आल्यागेल्याला सांगे. "उरलेले चाळीस टक्के मी अजून हातचे राखून ठेवलेत."

अदमासराव ज्या कंपनीत होते ती व्हिडिओ गेम बनवत नसे. दुसऱ्यांनी बनवलेले गेम घ्यायचे, डब्यांत भरायचे आणि दुकानांत पोहोचवायचे, एवढाच तिचा धंदा. गेम बाजारात येण्याआधीच तो किती खपेल हे कुणीतरी सांगावं लागतं, कारण डबे आधी छापावे लागतात. कमी छापले तर दुकानदार फोन करकरून डोकं खातात, जास्त छापले तर गोदामात उंदरांची सोय होते. ते सांगणारे आपले अदमासराव. बावीस वर्षं हेच काम केलं आणि आकडा शंभरात दहाच्या वर कधी चुकला नाही.

आता गंमत बघा, या माणसाने जन्मात एकही गेम खेळला नव्हता. "खेळलो की मला आवडेल, नाहीतर नावडेल. मग माझी आवड त्या आकड्यात लुडबुड करणार," असं त्यांचं म्हणणं. ते खेळत नसत, खेळणाऱ्यांकडे बघत बसत. दर गेमला दहा माणसं लागत आणि ती जमवायला तीन-तीन आठवडे जात, कारण त्यातली कुठलीही दोन एकसारखी असून चालत नसे. बसस्टॉपवर, न्हाव्याकडे, दातांच्या डॉक्टरच्या बाकावर ते माणसं हेरत आणि सरळ विचारत, "बुधवारी तासभर मोकळे आहात का? चहा-बिस्किटं मिळतील." लोक आधी दचकत, मग चहा-बिस्किटांचं नाव पुढे करून येत.

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एक सोफा होता, एक टीव्ही होता आणि मागच्या कोपऱ्यात अदमासरावांची लाकडी खुर्ची. त्यांच्या वहीत दोनच रकाने असत. एकावर लिहिलेलं 'पाय' आणि दुसऱ्यावर 'तर'.

भीतीच्या गेमला पाय फार महत्त्वाचे. माणूस तोंडाने काहीही सांगेल, "छे, मला नाही बाई भीती वाटत," पण खरा घाबरला की तो जमिनीवरचे पाय उचलून सोफ्यावर घेतो. सोफ्याखाली कुणी नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं, तरी घेतो. कितव्या मिनिटाला पाय वर गेले ते अदमासराव टिपून ठेवत. दुसरा रकाना निवडीच्या गेमसाठी. असल्या गेममध्ये पडद्यावरच्या माणसाने काय करायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं आणि त्याप्रमाणे पुढची गोष्ट घडायची. कोण जगेल, कोण मरेल, तेही त्यावरच. असा गेम खेळून उठलेला माणूस बूट घालता घालता म्हणतो, "तो जिना चढलोच नसतो तर?" "तिला सोडून पळालो असतो तर?" अदमासराव हे 'तर' मोजत. मनात 'तर' घेऊन घरी गेलेला माणूस पुन्हा खेळल्याशिवाय राहत नाही आणि आपल्याबरोबर दोन-चार जणांना खेळायला लावतो, हा त्यांचा बावीस वर्षांचा अनुभव.

त्यांना एकाच गोष्टीचं कोडं कधी सुटलं नव्हतं. लोक पदरचे पैसे देऊन भीती का विकत घेतात? हा प्रश्न ते येणाऱ्या प्रत्येकाला विचारत. एका नळदुरुस्तीवाल्याने दिलेलं उत्तर त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं. तो म्हणाला होता, "साहेब, घरातली भीती फुकट असते, पण तिला बंद करायचं बटण नसतं." अदमासराव घरी येऊन बायकोला म्हणाले, "माणूस नळ दुरुस्त करतो आणि बोलतो बघ कसा." बायको म्हणाली, "आपला नळ गळतोय महिनाभर. त्याला बोलावला असतात तर दोन्ही कामं झाली असती."

तर त्या वर्षी त्यांच्यापुढे एक गेम आला, त्याचं नाव 'कोण आहे?' चार भावंडं एका इमारतीत अडकलेली, वीज गेलेली, आणि प्रत्येक दारामागे कुणीतरी. हा गेम बनवला होता त्यांच्या सख्ख्या भाचीने. तिला लहानपणापासून घरात भुंगी म्हणत, कारण तिचे प्रश्न कानाशी सतत गुणगुणत असायचे. टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत ती आणि तिचे चार सोबती तीन वर्षं या एका गेमवर बसले होते. भुंगीने गोष्ट लिहिली होती, सगळे संवाद तिचेच. आता सगळं अडलं होतं ते एका आकड्यापाशी. साहेबांचा नियम होता, चार हजारांच्या खाली अदमास आला तर गेमला हात लावायचा नाही. दुसऱ्या दोन कंपन्या आधीच नाही म्हणाल्या होत्या. इथेही नाही झालं तर त्या पाचजणांना महिनाअखेर खोलीची किल्ली मालकाला परत द्यावी लागणार होती.

अदमासराव पहिल्याच दिवशी साहेबांकडे गेले. "मुलगी माझी भाची आहे. हे काम दुसऱ्या कुणाला द्या."

"दुसरं आहे कोण?" साहेब म्हणाले. "तुम्हीच बघा. तुमचा आकडा नातं ओळखत नाही, हे मला माहीत आहे."

बाहेर वातावरण तर मोठं झकास होतं. दोन मिनिटांची झलक लोकांनी बघितली होती, दुकानदारांनी काचेवर चित्रं लावली होती आणि कंपनीच्या टेलिफोनवाल्या बाई वैतागून गेल्या होत्या. फोन उचलला की समोरून आवाज, "कोण आहे?" बाई म्हणायच्या, "अहो, फोन तुम्ही केलात, तुम्हीच सांगा कोण ते!" मग कळायचं की दुकानदार गेमबद्दल विचारतोय, कधी येणार म्हणून. भुंगीची आई, म्हणजे अदमासरावांची थोरली बहीण, दर दिवसाआड फोन करून विचारायची, "लोक विचारतायत ना रे?" अदमासराव हो म्हणत. पण विचारणारा वेगळा आणि घेणारा वेगळा, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि बुधवार यायचा होता.

बुधवारी दहाजण आले. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, एक टॅक्सीवाला, बँकेतली एक मुलगी, कुलपं दुरुस्त करणारा एक कारागीर, असे सगळे. पाय फार लवकर वर गेले. टॅक्सीवाल्याचे तर दुसऱ्याच मिनिटाला, आणि तो त्यांच्यावर उशी घेऊन बसला. अदमासरावांना मनातून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. पण चौथ्या मिनिटाला कुठेतरी माशी शिंकत होती. गेममधली थोरली बहीण एका अर्ध्या उघड्या दारापाशी उभी राहते, आतून एक म्हातारी तिला बोलावते, तिथे दहातले सातजण मेले. मेले आणि चिडले. बँकेतल्या मुलीने हातातलं यंत्र सोफ्यावर आपटलं. शाळेच्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "ही काय निवड झाली? मी एक सांगितलं आणि तिने भलतंच केलं." बिस्किटं तशीच राहिली. 'तर'चा रकाना जवळजवळ कोरा होता.

अदमासरावांनी तीनदा बेरीज केली. आकडा आला एकतीसशे.

तो साहेबांकडे शनिवारी दुपारी दोनपर्यंत द्यायचा होता. गुरुवारी संध्याकाळी ते बहिणीकडे गेले, कारण भुंगीला हे परक्याकडून कळावं असं त्यांना वाटेना. या पोरीला त्यांनीच जिन्याच्या पायऱ्या चढवत चढवत आकडे शिकवले होते. त्यांनी सांगितलं तेव्हा तिने वही ओढून घेऊन आकडा बघितला. बोलली ती तिची आई.

"एकतीसशे? आणि हे तू लिहून देणार?"

"जे आलं ते लिहिणार ना, ताई."

"सख्खा मामा ना तू तिचा? एकदा चार हजार लिहिलंस तर कुणाचं काय जळणार आहे?"

"माझ्या आकड्यावर लोक डबे छापतात गं."

"छापू देत! बावीस वर्षं खरं बोललास ना, एक दिवस सुट्टी घे!"

भुंगी मध्येच म्हणाली, "आई, थांब. मामा, मला एवढंच सांग, ते मरतात कुठे?"

"दारात. ती म्हातारी बोलावते ना, तिथे."

"तिथे तर मी कुणाला फसवलेलंच नाही." तिचा आवाज रडवेला झाला होता. "दोन सरळ बटणं आहेत. आत जायचं किंवा बाहेर थांबायचं. मागून पावलं ऐकू येतात, म्हणून बाहेर थांबणं कठीण वाटतं, बस. यात चिडण्यासारखं काय आहे?"

अदमासरावांनी वही परत घेतली. बहिणीने पुढे ठेवलेला चहा निवून गेला होता. ते उठले. ताई तोंड फिरवून उभी होती. दाराशी जाऊन त्यांनी एक बूट घातला, दुसरा हातात घेतला आणि नेहमीसारखं म्हणाले, "बरं, येतो."

आणि तसेच एका पायावर उभे राहिले.

"जा की मग," ताई म्हणाली. अजून घुश्शातच होती.

"ताई, मी आत्ता काय म्हणालो?"

"येतो म्हणालास."

"आणि मी चाललोय कुठे?"

"तुझ्या घरी. डोकं ठिकाणावर आहे ना?"

"भुंगे!" अदमासराव बूट हातात घेऊनच आत धावले. "म्हातारी काय म्हणते? आणि तुझ्या बटणांवर काय लिहिलंय? अक्षर न अक्षर सांग."

"ती म्हणते, 'आत ये ना, अंधारात काय उभी राहिलीस?' एका बटणावर लिहिलंय 'येते', दुसऱ्यावर 'इथेच थांबते'..." बोलता बोलता भुंगीने तोंडावर हात ठेवला.

त्या पाचजणांनी तीन वर्षं हा संवाद एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवला होता. वाचताना आवाजाच्या हेलात अर्थ बरोबर कळायचा. पडद्यावर मात्र नुसता शब्द होता. घाबरलेल्या माणसाला तिथून पळायचं होतं, आणि आपल्याकडे कुणाच्याही दारातून निघताना कुणी 'जाते' कधी म्हणत नाही, 'येते' म्हणतं. दहातल्या सातजणांनी निरोप घेतला होता, आणि गेमने त्यांना आत नेऊन दार लावलं होतं. आता त्यांना 'तर' सुचणार कुठून? जे आपण निवडलंच नाही, त्याबद्दल कोण म्हणेल, दुसरं केलं असतं तर? ताईलाही हे पटलं. ती म्हणाली, "मी पण तेच दाबलं असतं." मग तिला एकदम हसू फुटलं आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

भुंगीच्या माणसांनी शुक्रवारी दिवसभर बसून बटण बदललं. 'येते'च्या जागी 'आत येते'. दोन अक्षरांचा मामला, पण शनिवार उद्यावर आला होता आणि अदमासरावांपुढे नवाच पेच उभा राहिला. सुधारलेला गेम बघायला नवी दहा माणसं हवीत, त्यांना तीन आठवडे लागणार. जुन्या दहांना बोलावून उपयोग नाही, त्यांना दार माहीत झालं. कचेरीतल्या प्रत्येकाने येता-जाता त्या खोलीत डोकावून काही ना काही बघितलेलं. टेलिफोनवाल्या बाईंना तर म्हातारीचे संवाद पाठ होते. अदमासरावांनी स्वतः पडद्याकडे कधी बघितलंच नव्हतं, ते बघायचे माणसांच्या पायांकडे. दाराचं ऐकून असले तरी अख्ख्या इमारतीत त्यातल्या त्यात कोरा माणूस तेवढा एकच उरला होता.

शनिवारी सकाळी दहा वाजता ते सोफ्यावर बसले आणि त्यांच्या लाकडी खुर्चीत वही घेऊन टेलिफोनवाल्या बाई. पहिली दहा मिनिटं पडद्यावरची थोरली बहीण भिंतीवर डोकं आपटत उभी होती, कारण त्यांना वळायचं बटण सापडेना. "डावीकडचं, अहो डावीकडचं," बाई म्हणाल्या. अदमासराव म्हणाले, "मोजणाऱ्याने बोलायचं नसतं." मग हळूहळू जमलं. वीज गेली. पावलं ऐकू आली. बावीस वर्षं लोकांचे पाय बघणाऱ्या या माणसाचे स्वतःचे पाय कधी वर गेले ते त्याला कळलंही नाही. बाईंनी मात्र लिहिलं, सोळावं मिनिट.

दारापाशी म्हातारीने बोलावलं. 'आत येते.' 'इथेच थांबते.' अदमासराव दोन्ही शब्दांकडे कितीतरी वेळ बघत राहिले. समोरच्याला आता काय वाटत असेल, हे सांगणं त्यांचं पोटापाण्याचं काम, पण आता समोरचा तेच होते आणि त्यांना काही सांगता येईना. शेवटी त्यांनी 'इथेच थांबते' निवडलं. पावलं जवळ आली. तो धाकटा भाऊ होता, ज्याला त्यांनी मघाशी वरच्या मजल्यावर एकटा सोडला होता. तो म्हणाला, "मला वाटलं तू आत गेलीस." अदमासराव मोठ्याने म्हणाले, "आत गेलो असतो तर ह्याचं काय झालं असतं हो?"

"मोजणारा बोलत नसतो," बाई म्हणाल्या आणि रकान्यात पहिली रेघ ओढली.

साडेबाराला ते उठले तेव्हा चौदा रेघा झाल्या होत्या. एवढ्या त्यांच्या वहीत आजवर कुणाच्याच झाल्या नव्हत्या. बाई खूश झाल्या. अदमासराव मात्र वही घेऊन खिडकीशी उभे राहिले. चौदा रेघा कुणाच्या, तर एका माणसाच्या. तो माणूस पहिल्यांदाच गेम खेळलेला आणि वर मुलीचा मामा. एका माणसावरून आकडा काढायचा झाला तर तो आकडा नव्हे, ती इच्छा झाली. चार हजार लिहिणं आता किती सोपं होतं, आणि कुणी त्यांना खोटं म्हणालंही नसतं. ताईचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता. दोन वाजायला पाच मिनिटं असताना त्यांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि साहेबांपुढे ठेवल्या. 'जुना शब्द ठेवून: एकतीसशे. नवा शब्द घालून: माहीत नाही.'

साहेबांनी चष्मा काढला. "हे काय?"

अदमासरावांनी सगळी हकिगत सांगितली. बूट हातात घेतल्याचीसुद्धा.

"बावीस वर्षांत हे पहिल्यांदा लिहिलंत," साहेब म्हणाले. "घरची मुलगी म्हणून हात आखडलात का?"

"घरची म्हणून लिहायचं असतं तर पाच हजार लिहिले असते. लोकांच्या बोलण्याला भिऊन लिहायचं असतं तर एकतीसशेवर थांबलो असतो. पण मला खरंच अदमास लागत नाहीये, साहेब. मी दारात अर्धं मिनिट नुसता उभा होतो. त्या दाराच्या आत नक्की काय आहे, मला अजून माहीत नाही."

"मग परत खेळा."

"खेळणारच आहे. घरी जाऊन."

साहेबांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "तुम्ही सांगितलेले सगळे गेम तेवढेच खपले. कमी नाहीत, जास्त नाहीत. एकानेही कधी मला चकित केलं नाही. चार हजार छापतो. बुडाले तर माझे बुडतील, तुम्ही काही आकडा दिलेला नाही."

खाली रस्त्यावर भुंगी उभी होती. अदमासरावांनी तिला सांगितलं तेव्हा तिने आधी एवढंच ऐकलं की मामांनी 'माहीत नाही' असं लिहून दिलं, आणि ती भांडायलाच उठली. पुढचं ऐकल्यावर तिथेच फूटपाथवर मटकन बसली. अदमासरावांना तिच्याशेजारी बसावंसं वाटत होतं, पण गुडघ्यांनी नाही म्हटलं. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

सहा आठवड्यांनी एका शुक्रवारी 'कोण आहे?' दुकानांत आला. त्या सकाळी अदमासराव कामावर आले ते सगळ्यांच्या आधी. आजवर असल्या दिवशी ते निवांत असत. दुकानदारांचे फोन बाईंनी घ्यावेत, आकडे कारकुनाने उतरवावेत, आणि संध्याकाळी मान डोलवून घरी जावं, कारण फोनवर काय ऐकू येणार ते त्यांना आधीच माहीत असायचं. आज मात्र ते बाईंच्या टेबलाभोवती घुटमळत होते. "कसलाच अदमास नाही हो," ते तिसऱ्यांदा म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांना त्यात मजाही येत होती.

अकराला दहा कमी असताना फोन वाजला. बाईंचा हात पोहोचायच्या आत अदमासरावांनी तो उचलला. चौकातला दुकानदार होता.

"शंभर दिले होते तुम्ही," तो म्हणाला. "संपले. अजून किती पाठवताय?"

"किती लागतील?"

"हे तुम्ही मला विचारता? तुम्हीच सांगता ना नेहमी!"

"या वेळी तुम्ही सांगा," अदमासराव म्हणाले. दुकानदाराने सांगितलेला आकडा त्यांनी लिहून घेतला. लिहिला मात्र इतक्या घाईने, की पुढे कारकुनाला तो वाचताच आला नाही.

मग त्यांनी टायरच्या दुकानावरच्या खोलीत फोन लावला. भुंगीने पहिल्याच घंटेला घेतला.

"मामा? वाईट आहे का?"

अदमासराव हातातला आकडा पुन्हा एकदा वाचून बघत होते.

"मामा, वाईट असलं तरी सांग. आम्ही पाचहीजण इथेच बसलोय."

"शंभर गेले," ते म्हणाले. "अकरा वाजायच्या आत."

पलीकडे खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी किंचाळलं, कुणीतरी रडायला लागलं, आणि भुंगीने फोन तसाच टेबलावर टाकून दिला. अदमासराव तो सगळा गोंधळ कानाला लावून उभे राहिले आणि बाईंनी कितीही खुणा केल्या तरी त्यांनी फोन खाली ठेवला नाही.